पान एक्केचाळीस

इजिप्तमधल्या महल्ला शहराच्या नर्सिंग इन्स्टिट्यूटमध्ये रसायनशास्त्राचं पुस्तक कुणी विकत घेत नसे. घेऊन करायचं काय? उस्ताद वगीह शलबी पेपर काढायचे ते आपल्या मलझमेतून आणि तपासायचे तेही मलझमा शेजारी उघडी ठेवून. मलझमा म्हणजे त्यांनी स्वतः एकोणीस वर्षांपूर्वी हाताने लिहून काढलेल्या नोट्स. साठ पानं आणि वर हिरवा पुठ्ठा. फाटकासमोर शहाताचाचांचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे तिचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असत. ती पाठ केली की पोरगी पास. स्वतःच्या शब्दांत लिहायला गेली की तिचं काही खरं नाही.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गरिबाघरच्या पोरींसाठी जीव तुटायचा त्यांचा. सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर अडकलेलीला 'रहमतीचे' चार गुण देऊन पन्नासावर नेऊन बसवायचे. पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांची डॉक्टरेट अर्धवट राहिली होती. कुणी चुकून 'डॉक्टर वगीह' म्हटलं की ते काही बोलत नसत, पण चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं वाटावं. आणि वर्गात कुणी एखादी शंका काढली, की ती शंका नसून आपल्या त्या अर्धवट डॉक्टरेटवर बोट ठेवलंय असंच त्यांना वाटायचं.

त्या रविवारी सकाळी पहिल्या तासाआधीच प्राचार्या मुशीराबाईंनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं.

"बसा, उस्ताद. आधी चहा घ्या."

मुशीराबाई आधी चहा घ्या म्हणाल्या की समजायचं, बातमी वाईट आहे. वगीहनी पेल्याला हात लावला नाही.

"इब्तिहाल आठवते तुम्हाला? इब्तिहाल अब्दुल मक्सूद. चार वर्षांपूर्वीची."

"आठवते की. तोंडाळ होती जरा. तिचं काय?"

"त्या कालव्यापलीकडच्या खाजगी दवाखान्यात होती. तिच्या हातून एक बाई गेली. साब्रीन नावाची, सव्वीस वर्षांची, तीन आठवड्यांची बाळंतीण. उलट्यांनी अंगातलं पोटॅशियम उतरलेलं, मूत्रपिंडं आधीच नाजूक. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, सलाइनमधून पोटॅशियम वीस मिलिमोल द्या. हिने दिलं चाळीस. दोन तासांत बाई खलास."

"अल्लाह! चाळीस? डोकं ठिकाणावर होतं का पोरीचं?"

"डोकं ठिकाणावर होतं," मुशीराबाई म्हणाल्या आणि समोरचा कागद त्यांनी पुढे सरकवला. "तिचा जबाब आहे हा. वाचा. एका अँप्यूलमध्ये पोटॅशियम दहा असतं म्हणून मी दोन अँप्यूल घातली, असं म्हणते. आणि पुढे म्हणते, आम्हाला असंच शिकवलंय."

वगीह उसळलेच. "मी? मी असं शिकवीन? केस पांढरे झाले माझे हे शिकवण्यात! स्वतः घोळ घालायचा आणि बिल उस्तादाच्या नावावर फाडायचं, वा रे वा! थांबा, आत्ता दाखवतो."

ते तरातरा आपल्या खोलीत गेले आणि कपाटातून मलझमा काढून आणली. बाईंच्या टेबलावर ती आपटून त्यांनी पान एक्केचाळीस उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल, दहा मिलिलिटर, पंधरा टक्के. म्हणजे मीठ दीड ग्रॅम. त्याला रेणुभाराने भागलं की वीस मिलिमोल. इथवर आवाज खणखणीत होता. मग त्यांच्याच अक्षरातली पुढची ओळ आली: 'पाण्यात मिठाचे दोन भाग होतात, एक पोटॅशियम, एक क्लोराइड. म्हणून पोटॅशियम निम्मे, म्हणजे दहा.' दहाच्या खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

ते वाचायचे थांबले. ती ओळ त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचली. एकोणीस वर्षांत ती शेकडो वेळा त्यांनी फळ्यावर लिहिली होती, पण वाचली कधीच नव्हती. आज वाचली आणि त्यांचं बोट त्या दहावरच अडकलं.

कारण पोटॅशियम निम्मं नसतं, वीसच असतं. आणि हे त्यांना एकदा भर वर्गात, अगदी सोप्या शब्दांत, कुणीतरी सांगितलं होतं.

तिसऱ्या बाकावरून इब्तिहाल उभी राहिली होती. "उस्ताद, हे दहा कसं झालं? समजा, लग्नाला वीस जोडपी आली. दारातच बायका एका मांडवात बसवल्या आणि पुरुष दुसऱ्यात. तर पुरुष किती? वीसच ना? जोडपी फुटली म्हणून पुरुष निम्मे कसे होतील?"

वर्गात खसखस पिकली होती. वगीहना तेव्हा तो हिशेब ऐकूच आला नव्हता, ऐकू आलं होतं ते फक्त पोरींचं हसणं. ते म्हणाले होते, "इब्तिहाल, तुला लग्नाची फारच घाई झालेली दिसते. आधी पास हो बाई, मग जोडपी मोजत बस." मग तर पोरी बाकं बडवून हसल्या. इब्तिहाल कानापर्यंत लाल होऊन खाली बसली. मेच्या परीक्षेत तिने तरीही वीसच लिहिलं. वगीहनी त्यावर लाल काट मारली. पोरगी चार गुणांनी राहिली, आणि रहमतीचे चार गुण, जे त्या वर्षी अकरा जणींना मिळाले, ते तिला मिळाले नाहीत. उलट उत्तर देते म्हणून. सप्टेंबरच्या फेरपरीक्षेत तिने दहा लिहिलं आणि पास झाली.

आता कुणी विचारेल, एकोणीस वर्षांत शेकडो नर्सा याच पानावरून शिकून गेल्या, मग माणसं कशी मेली नाहीत? त्याचं उत्तर ऐकून हसावं की रडावं कळत नाही. बाकीच्या पोरी परीक्षा झाली की सगळं विसरून जात. मोठ्या इस्पितळांत अँप्यूलवरच आकडा छापलेला असे, भिंतीवर तक्ता असे, शेजारी एखादी जुनी सिस्टर असे. त्यांना मलझमेची गरजच पडली नाही, म्हणून त्यांचे रोगी वाचले. इब्तिहालच्या छोट्या दवाखान्यात आलेल्या अँप्यूलवर नुसतं 'पंधरा टक्के' छापलं होतं, आणि पाळीला ती एकटी होती. तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. पान एक्केचाळीस तिला पाठ होतं.

"चूक आहे," वगीह म्हणाले. "बाई, हे चूक आहे."

"माहीत आहे मला. कालच औषधशास्त्राच्या मास्तरांना विचारलं." मुशीराबाईंनी दार लोटून घेतलं. "म्हणूनच शहाताला सांगून पान बदलून घेतलंय. जुने गठ्ठे गेले रद्दीत. सरकारी वकिलांच्या ऑफिसने विचारलंय, तुमच्याकडे हे काय शिकवतात? हे उत्तर टाइप केलंय, सोबत नवी मलझमा जोडू. तुम्ही फक्त सही करा."

"आणि पोरगी?"

"उस्ताद, सहाशे पोरी आहेत इथे. उद्या इन्स्टिट्यूटला टाळं लागलं तर त्या काय गिरणीत जाऊन बॉबिन भरतील? तुम्हाला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आणि तुम्ही काही तिच्या हातात सुई दिली नव्हती."

वगीहनी कागद घेतला, सही मात्र केली नाही. उद्या देतो म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस काहीतरी नसता घोळ घालणार.

दुपारी ते फाटकाबाहेर पडले तर इब्तिहालची आई उन्हात उभी. अंगात काळी पायघोळ गलबिया, कडेवर वर्षाची नात. नातीच्या नाकाला शेंबूड आलेला, आणि ती सारखी आजीच्या गळ्यावरची ओढणी ओढत होती.

"तुम्हीच ना उस्ताद वगीह? मी उम्म इब्तिहाल." बाईने नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पोर आईच्या दुधासाठी टाहो फोडते हो. आठ दिवस झाले. वकील म्हणतात, हातून साधी चूक झाली असं ठरलं तर बुधवारी जामीन मिळेल. पण माहीत असून हयगय केली असं ठरलं, तर मग वर्षानुवर्षं आत. तुम्ही सांगा ना त्यांना, की तिला तसंच शिकवलं होतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं, तसं शिकवलं होतं म्हणून?"

बाई हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"उस्ताद, मला अलिफसुद्धा लिहिता येत नाही. पण ती नापास झाली ना, त्या अख्ख्या उन्हाळ्यात पोरगी घरभर फिरत म्हणायची. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. 'पाण्यात मिठाचे दोन भाग होतात, एक पोटॅशियम, एक क्लोराइड, म्हणून निम्मे, म्हणजे दहा.' मला पाठ झालंय बघा. मी तिला विचारायची, अगं पोटॅशियम म्हणजे काय? तर म्हणायची, आई, ते विचारू नकोस, विचारलं की नापास करतात."

नातीने वगीहच्या शर्टाची कॉलर पकडली होती, ती हळूच सोडवून त्यांनी तिचा हात आजीच्या हातात दिला.

"सांगतो," ते म्हणाले. "काळजी करू नका, उम्म इब्तिहाल. मी सांगतो."

सांगायचं तर पुरावा हवा. मलझमेची जुनी प्रत नुसती दाखवली, तर सरकारी वकील म्हणतील, काय माहीत ही कुठली. पण उत्तरपत्रिका इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत पाच वर्षं ठेवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते किल्ली घेऊन आत शिरले. धुळीने शिंका येत होत्या. लोखंडी फळ्यांवर दोरीने बांधलेले गठ्ठे, त्यावर साल आणि विषय. दोन तास ते एकेक गठ्ठा सोडत राहिले. शेवटी दोन्ही पेपर सापडले. मेमधला: वीस, त्यावर लाल काट आणि समासात त्यांच्याच अक्षरात 'मलझमा पाहा'. सप्टेंबरमधला: दहा, त्यावर लाल बरोबरची खूण.

त्यांना काय वाटलं सांगू? आनंद झाला. खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्यांना खरोखर आनंद झाला. यापेक्षा धडधडीत पुरावा काय असणार? पोरगी बरोबर होती, मी तिला चूक लिहायला लावलं, आणि खाली माझीच सही! आता माझं काय व्हायचं ते होवो, पण बुधवारी ती पोरगी घरी जाईल. त्यांनी पेपर वर्तमानपत्रात गुंडाळले, मुशीराबाईंचा टाइप केलेला कागद फाडून टोपलीत टाकला आणि घरी जाऊन इस्त्रीचा कोट चढवला. बायकोने विचारलं, कुणाच्या लग्नाला? ते म्हणाले, "एका पोरीला सोडवून आणतो."

सरकारी वकील हाझिम बे, म्हणजे हाझिमसाहेब, तिशीतले होते. वागायला अगदी सभ्य. त्यांनी उस्तादांना खुर्ची दिली, कॉफी मागवली. शेजारी कारकून जाड वहीत जबाब लिहीत होता. बे बोलतील ते शब्द, बे सांगतील तेवढेच. इब्तिहालला आणलं गेलं. बेड्या काढल्या. चार वर्षांत पोरीचं तोंड पार उतरून गेलं होतं, डोळ्यांखाली काळं. पुढून झगा ओला झाला होता. दुधाने. वगीहनी मान फिरवली.

"उस्ताद, तुम्ही स्वतःहून आलात. बोला."

आणि वगीह बोलले. काही हातचं राखलं नाही. पान एक्केचाळीस, एकोणीस वर्षं, वीस जोडपी, आपण मारलेला टोमणा, न दिलेले चार गुण, झेरॉक्सच्या दुकानातून रद्दीत गेलेले गठ्ठे, सगळं. "चूक माझी आहे, बे. तिची नाही. माझी." इब्तिहाल ऐकत होती. ऐकता ऐकता तिने ओंजळीत तोंड लपवलं आणि हमसून हमसून रडायला लागली, आठ दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या बाजूने बोललं म्हणून.

हाझिम बेंनी दोन्ही पेपर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"यातला आधीचा कुठला?"

"हा. मेमधला."

"यात तिने काय लिहिलंय?"

"वीस."

"आणि बरोबर उत्तर?"

"वीसच."

"म्हणजे," बेंनी मान वर केली, "हिला बरोबर उत्तर माहीत होतं."

वगीहना आधी कळलंच नाही. मग कळलं, तसे ते खुर्चीत पुढे सरकले.

"नाही, तसं नाही बे. माहीत होतं, पण मी ते तिच्याकडून काढून घेतलं."

"म्हणजे कसं? छड्या मारल्यात?"

"नाही."

"मग?"

"नापास केलं. हसलो तिला. सगळ्या वर्गाला हसवलं."

"उस्ताद, कॉलेजात मीही दोनदा नापास झालोय. मलाही लोक हसले. मी कुणाचा जीव घेतला नाही." आवाज अजून सभ्यच होता. ते इब्तिहालकडे वळले. "डोळे पूस, पोरी, आणि नीट आठवून सांग. परीक्षेत गुण हवे होते म्हणून तू दहा लिहिलंस, हे मी समजू शकतो. पण दवाखान्यात गुण कुणी देत नव्हतं. त्या दिवशी अँप्यूल हातात घेतलंस, तेव्हा वीस हा आकडा तुझ्या मनात आला का? का साफ विसरली होतीस?"

'विसरले होते' एवढंच म्हण, वगीहनी मनात धावा केला. पोरी, एकदा खोटं बोल, फक्त एकदा.

पण ती खोटं बोलणाऱ्यांतली असती तर मेमध्येच दहा लिहून मोकळी झाली नसती का?

"आला होता, बे," इब्तिहाल म्हणाली. "एक क्षणभर आला. अँप्यूल फोडताना वाटलं, हे वीस आहे, एकच पुरे. मग म्हटलं, नको बाई. मागे असंच वाटलं होतं तर केवढं झालं. आपल्याला वाटतं ते चूकच असतं. उस्तादांचं बरोबर. म्हणून दुसरं फोडलं."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी चहावाल्यावर ओरडत होतं. हाझिम बेंनी पेन टेबलावर ठेवलं. क्षणभर त्यांनाही वाईट वाटल्यासारखं दिसलं. मग ते कारकुनाकडे वळून सांगू लागले आणि कारकून लिहू लागला.

"साक्षीदाराने हजर केलेल्या उत्तरपत्रिकेवरून दिसते, की आरोपीला औषधाचे बरोबर प्रमाण ठाऊक होते. औषध देताना ते प्रमाण आपल्या मनात आल्याचे आरोपीने कबूल केले आहे. तरीही तिने कुणाला विचारले नाही, खात्री केली नाही, आणि दुप्पट औषध दिले."

"बे, त्याच्यापुढे लिहा ना," वगीह उठून उभे राहिले. "लिहा की का! तिने का विचारलं नाही ते लिहा! विचारायचं नाही, हे मी शिकवलं तिला. रसायनशास्त्र नाही शिकवलं मी, तेवढंच शिकवलं!"

"बसा, उस्ताद. त्याला कलम नाही. आणि तुमचं पुण्य तुम्ही पदरात पाडून घेतलंत, खरं बोललात. आता सही करा."

इब्तिहालने काही त्रागा केला नाही. शिपायाने बेड्या घालायला हात धरले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उस्ताद, बुधवारी मी येणार असं पोरीला सांगितलंय आईने. तिला म्हणावं, आता तसं सांगू नकोस." आणि तिला बाहेर नेलं.

कारकुनाने वही पुढे केली. वगीहनी ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून वाचलं. कुठेतरी एखादा शब्द खोटा निघेल, आणि त्याच्या आधारे हे सगळं रद्द म्हणता येईल, अशा आशेने त्यांनी दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता.

"उस्ताद," कारकून हळूच म्हणाला, "तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं. साधी चूक म्हणून तिचे कागद तयार झाले होते. बुधवारी सुटलीच असती."

वगीहनी पेन उचललं आणि जिथे बोट दाखवलं तिथे सही केली.